ढगसरांचा ऐकणारा चेहरा

ढगसरांसारखं ऐकणारा माणूस शोधून सापडायचा नाही, असं गावात सगळ्यांचं मत होतं. मत सगळ्यांचंच असल्यामुळे ते कोणी तपासून पाहिलं नव्हतं.

कोणी बोलायला लागलं, की सर मान किंचित डावीकडे कलती करत, भुवया जराशा वर उचलत, ओठ मिटत आणि मधूनमधून ‘हं’ म्हणत. आता ‘हं’ काय, तुम्हीआम्हीही म्हणतो. पण सरांच्या ‘हं’ची गोष्टच वेगळी. घरात आजारपण आहे असं सांगणाऱ्याला तो ‘हं’ काळजीचा वाटायचा. मुलाला नोकरी लागली म्हणून सांगणाऱ्याला तोच ‘हं’ आनंदाचा वाटायचा. आणि नळाला पाणी येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्याला तर वाटायचं, की हा माणूस आता बाह्या सरसावून नगरपालिकेवर चालून जाणार. एवढं सगळं त्या चेहऱ्यावर चाललेलं असताना सर स्वतः मात्र तिथे नसायचे.

सर बेटावर असायचे.

हे बेट समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. सर भूगोल शिकवायचे. त्यांच्या वर्गातल्या भिंतीवर जगाचा जुना नकाशा होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी भिंतीला ओल आली आणि त्या नकाशाच्या निळ्या समुद्रात, जिथे कुठल्याच देशाचं काही नाही अशा जागी, एक तपकिरी डाग उमटला. दुसऱ्या कोणी नकाशा बदलून मागितला असता. सरांनी तिथे वस्ती केली. आधी एक धक्का बांधला. मग धक्क्यापासून टेकडीवर जाणारी पायवाट आखली. मग वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडं लावली आणि ती वाढायला वेळ दिला, कारण सर बेटावरही घाई करणाऱ्यांतले नव्हते. हल्ली टेकडीवर दीपगृहाचं काम चालू होतं. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं, खडूची धूळ त्यात तरंगायला लागली, की कुठूनतरी लाटांचा मंद आवाज यायचा आणि सर चालू लागायचे. मुलांनी त्यांचं नाव ढगसर ठेवलं होतं ते काही उगीच नाही. या बेटाबद्दल सरांनी आजवर कोणाला म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

त्यांची बायको बसस्थानकावर नोकरीला होती. काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते भोंग्यावरून सांगायची. सर तिथे कधी गेले नव्हते. शाळा घरामागे, बाजार घरासमोर, मग गाडीने जायचं कुठे? जायचं ते बेटावर, आणि त्याला गाडी लागत नाही.

तर त्या सोमवारी सकाळी दोघं चहा पीत बसली होती. बायको काहीतरी सांगत होती. सर दीपगृहाच्या जिन्याला कठडा लाकडी लावावा की लोखंडी, या विचारात होते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजणार, हे उघड होतं. पण लाकूडही किती दिवस टिकणार? तेवढ्यात बायकोचा आवाज थांबला. तो थांबला म्हणूनच सरांना तो चालू असल्याचं कळलं, आणि ते लगबगीने परत आले.

“...मग याल ना? शनिवारी पाचला?” ती विचारत होती.

“अगं, म्हणजे काय!” सर म्हणाले. “नक्की!”

हे सर रोजच म्हणत. पण आज काहीतरी भलतंच घडलं. बायकोने कप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले. “मला वाटलंच नव्हतं तुम्ही इतक्या पटकन हो म्हणाल,” ती म्हणाली, आणि कप विसळायला उठली ती चक्क गुणगुणत. सरांनी तिला गुणगुणताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. अर्थात ऐकण्याच्या बाबतीत सरांची साक्ष काही कामाची नाही.

कुठे यायचं? कशाला? ‘अगं, काय म्हणालीस?’ एवढं विचारलं असतं तर प्रश्न मिटला असता, असं तुम्हाला वाटेल. विचारून बघा एकदा! ज्या बाईचे डोळे तुमच्या होकाराने भरून आलेत, तिला सांगून बघा की तो होकार देणारा माणूस त्या वेळी घरात नव्हता. सरांनी तोंड उघडलं, तिच्या गुणगुणण्याकडे पाहिलं आणि मिटलं. काही झालं तरी शनिवारी पाचला तिला तोंडघशी पाडायचं नाही, एवढं मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं. कुठे नाही पाडायचं, तेवढंच शोधून काढायचं होतं.

ते शाळेत गेले तर तिथे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्या शिक्षकांना बोलावलेलं. मुलं वर्गात ऐकत नाहीत, अशी वरपर्यंत तक्रार गेली होती. बाई बोलत होत्या आणि सर शनिवारचा विचार करत होते, अर्थात चेहरा जागच्या जागी लावून. बाई बोलता बोलता थांबल्या आणि त्या चेहऱ्याकडे बघतच राहिल्या.

“हे बघा!” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “ऐकणं म्हणजे काय, ते इथे बसलंय. बाकीचे घड्याळ बघताय, जांभया देताय. सर, शनिवारी दुपारी शिक्षण खात्याचे साहेब येतायत. वर्गात ऐकावं कसं, हा धडा तुम्ही घ्यायचा त्यांच्यासमोर. घ्याल ना?”

“म्हणजे काय! नक्की,” सर म्हणाले, आणि दारातून बाहेर पडल्यावर आपण काय घेणार आहोत, हे संगीताच्या बाईंना खुबीने विचारून घेतलं.

आता ऐकण्याचा तास घ्यायचा तर तो वेळापत्रकात बसला पाहिजे. शाळेच्या कचेरीतले कारकून चष्म्यावरून बघत म्हणाले, “ऐकणं कुठल्या विषयात येतं?” सर म्हणाले, सगळ्याच. “सगळ्या विषयांचा रकाना नाही आपल्याकडे. कान म्हणजे शरीर. शरीर म्हणजे कसरत.” आणि त्यांनी ऐकण्याचा तास मैदानावर, कसरतीच्या सरांच्या देखरेखीखाली लावून टाकला. सरांनी दोन शब्द बोलून पाहिले. पण कारकून तेव्हा दुसरं काहीतरी लिहीत होते आणि ऐकत नव्हते.

घरी परतताना खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात भेटले. हे गृहस्थ आयुष्यभर लोकांची पत्रं वाटून थकले होते आणि आता सल्ले वाटत. सरांनी त्यांना विश्वासात घेतलं. शेजाऱ्याला विश्वासात घेण्याची वेळ कोणावर येऊ नये, पण आली.

“विचारायचं नाही!” पोस्टमास्तर कुजबुजले. “बायकोला ‘काय म्हणालीस’ असं विचारणं म्हणजे आपणहून पायावर धोंडा पाडून घेणं. नजर ठेवा. तिची नजर कुठे जाते बघा, म्हणजे मनात काय आहे ते कळेल.”

त्या संध्याकाळी बायकोची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर पाल होती. पण सर पालीकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले. रंग! शनिवारी रंगाचं दुकान बघायला जायचं असणार! दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर सरांनी आणि पोस्टमास्तरांनी मिळून कपाट भिंतीपासून सरकवायला घेतलं. पोस्टमास्तर म्हणाले उचला, सर म्हणाले ढकला, आणि कपाट उचललं-ढकललं जाऊन स्वयंपाकघराच्या दारात असं काही घट्ट बसलं, की पुढे ना मागे. पोस्टमास्तरांना त्याच क्षणी आपल्या गुडघ्याची आठवण झाली आणि ते निघून गेले. बायको आली ती अंग चोरून, आडवी होऊन स्वयंपाकघरात शिरली.

“अहो, हे काय?”

“तुझ्यासाठीच गं,” सर म्हणाले.

ती गोंधळली. पण रागावली नाही, उलट हसली, आणि कपाटाच्या पलीकडून पुन्हा गुणगुणणं सुरू झालं. सरांना हे फारच लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग वाटलं, तिचा मोठा भाऊ येणार असेल. सरांनी आडून आडून चौकशी करायची म्हणून मेहुण्यांना फोन लावला. आडून बोलणं सरांना कधी जमलं नाही. त्यांच्या तोंडून थेट निघालं, “मग शनिवारी येताय ना?”

पलीकडून मेहुणे भरल्या आवाजात म्हणाले, “भाऊजी, लग्नापासून आज पहिल्यांदा तुम्ही आपणहून बोलावताय. कामधंदा सोडून येतो. चार दिवस राहीनच.” आणि कपाटाच्या भानगडीत हे बायकोला सांगायचं सर साफ विसरले.

इकडे मैदानावर ऐकण्याचे धडे सुरू झाले. सरांना ऐकण्याबद्दल जे काही येत होतं ते सगळं त्यांनी मुलांना शिकवलं. म्हणजे चेहरा. ताठ बसायचं, शिक्षकांकडे बघायचं, मान कलती, भुवया वर, मधून ‘हं’. कसरतीच्या सरांनी शिट्टी फुंकून ते बसवून घेतलं. “मा...न डावी! भुवया वर! हं एक! हं दोन!” मुलांचं काय सांगावं? गणित शिकवून शिकवून येत नाही, पण हे त्यांना दोन तासांत आलं. गुरुवारपर्यंत अख्खा वर्ग असा काही ऐकताना दिसायला लागला, की विज्ञानाच्या बाईंना भरून आलं. त्यांनी जन्मात शिकवलं नव्हतं इतकं त्या दिवशी शिकवलं. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, तर हवेचा दाब म्हणजे काय, हे एकालाही सांगता येईना. सगळे मान कलती करून ‘हं’ म्हणाले.

वर्गात एक मुलगी होती. तिला तो चेहरा काही केल्या जमेना. ऐकताना तिचं तोंड उघडं पडायचं, नाक आक्रसायचं, कधी डोळे मिटायची तर कधी बोटांनी बाकावर काहीबाही रेघा ओढायची. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी एक तर झोपलीय नाहीतर तिचा दात दुखतोय. कसरतीच्या सरांनी तिला रांगेबाहेर काढून ढगसरांच्या हवाली केलं, “हिला वेगळं शिकवा.”

सरांनी तिला वर्गात समोर बसवलं. दुपारची वेळ. ऊन नकाशावर सरकत सरकत समुद्रापर्यंत आलेलं. मुलगी काहीतरी सांगायला लागली आणि सर मान कलती करून धक्क्यावर उतरले. भरतीची वेळ होती. पाणी पायऱ्यांना लागून हलकेच मागे जात होतं.

“सर, मी आत्ता काय म्हणाले?”

सर परत आले. “हं,” ते म्हणाले.

“नाही, काय म्हणाले मी?”

भूगोलाच्या नोकरीत सरांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते, पण असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांचे कान तापले. एवढीशी चिमुरडी आणि परीक्षा घेते! ते म्हणाले, “तू तुझ्या चेहऱ्याकडे लक्ष दे.”

“तुम्ही पण नुसता चेहराच करता,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं. “मला तसा करायला वेळ नसतो, सर. घरी माझी बहीण आजारी असते, तिला शाळेत येता येत नाही. मी गेले की विचारते, आज काय काय झालं? तिला सगळं सांगायचं असतं, म्हणून मला ऐकावंच लागतं. कोणाला तरी सांगायचंय असं धरून बसलं ना, की आपोआप ऐकू येतं. एखादं कळलं नाही तर तिथेच कळतं की कळलं नाही.”

सर ‘हं’सुद्धा म्हणाले नाहीत. बेटावर धक्का होता, पायवाट होती, झाडं होती, अर्धंमुर्धं दीपगृह होतं. पण तिथून परत आल्यावर ते कोणाला काही सांगत नव्हते आणि तिथे असताना कोणी काही सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदाच जाणवलं. फार एकटं वाटलं त्यांना. त्यांनी ठरवलं, आज घरी जाऊन कबूल करायचं. सरळ सांगायचं, अगं, मी ऐकलं नव्हतं.

ते गेले, तर बायको कपाटाला वळसा घालून त्यांचा चांगला शर्ट इस्त्री करून घेऊन आली. “शनिवारी हा घाला हं,” ती म्हणाली. शर्ट हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या चेहऱ्यापुढे सरांनी कबुलीऐवजी ‘घालतो’ एवढंच म्हटलं.

शनिवार उजाडला. सर इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले. धडा तीनला होता. फार तर तासाभराचा. मग घरी पळायचं आणि पाचला बायको जिकडे नेईल तिकडे निमूट जायचं, असा त्यांचा बेत. बेत वाईट नव्हता.

शिक्षण खात्याचे साहेब आले ते त्रासलेले. हातात फुगलेली बॅग, बगलेत छत्री. “मला साडेपाचची दीपगृहाची गाडी पकडायचीय,” त्यांनी आल्या आल्या बजावलं. “पटपट उरका. चार शब्द बोलतो आणि निघतो.” दीपगृह म्हटल्यावर सर उगाच दचकले. ते पलीकडच्या किनाऱ्यावरचं खरं दीपगृह होतं, त्यांचं नव्हे.

साहेब बोलायला उभे राहिले, “मुलांनो, लक्ष देऊन ऐकणं...”

आणि अख्ख्या वर्गाने माना कलत्या केल्या, भुवया उचलल्या, आणि म्हटलं, “हं.”

साहेब अडखळले. त्यांनी पुन्हा एक वाक्य टाकून पाहिलं. पुन्हा “हं.” तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा त्रास हळूहळू उतरायला लागला. सरकारी नोकरीत त्यांचं कोण ऐकणार? कचेरीत वरचे ऐकत नाहीत, खालचे ऐकल्यासारखं करतात, घरी तर सांगायलाच नको. आणि इथे एवढे चेहरे, सगळे आपल्याकडे लागलेले! साहेब शिक्षणावर बोलले. मग स्वतःच्या शिक्षणावर बोलले. मग बदल्यांवर, गुडघ्यावर, गुडघ्याच्या डॉक्टरवर. मग खिडकीजवळ जाऊन, बाहेर बघत, लहानपणी आपल्याला बासरी शिकायची होती आणि वडील नको म्हणाले, हे सांगताना त्यांचा आवाज ओला झाला. मुलं म्हणाली, “हं.” मोठ्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. उतरतं ऊन बाकांवरून पुढे सरकत होतं, सगळा वर्ग संथपणे माना हलवत होता, आणि त्या सगळ्यात एकट्या ढगसरांचा जीव वरखाली होत होता, कारण भिंतीवरचं घड्याळ पाचाला टेकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बेटावर जाता येईना.

“साहेब,” मागच्या बाकावरून ती मुलगी उभी राहिली. “तुम्हाला साडेपाचची गाडी आहे म्हणाला होतात.”

“गाडी!” साहेब किंचाळले.

मग जी पळापळ झाली ती काय वर्णावी! साहेबांची बॅग एकाने घेतली, छत्री दुसऱ्याने, चष्म्याचं घर तिसऱ्याने, आणि हातात न्यायला काही उरलं नाही त्या मुलांनी साहेबांनाच धरलं. सर हळूच घराच्या दिशेला वळत होते, तर मोठ्या बाई ओरडल्या, “सर, तुम्ही पुढे व्हा! साहेबांना गाडीत बसवूनच या!”

“अहो बाई, मला पाचला...”

“कुठे जायचंय?”

या प्रश्नाचं उत्तर सरांकडे असतं तर ही गोष्टच घडली नसती. ते मुकाट्याने वरातीच्या पुढे पळायला लागले. पाच वाजून गेले होते. ती कुठेतरी उभी असेल, रस्त्याकडे बघत. इस्त्री केलेला शर्ट घामाने पाठीला चिकटला आणि सर अगदी रडायच्या बेताला आले.

बसस्थानकात शिरताच समोरून एक गृहस्थ दोन्ही हातांत बोचकी घेऊन आले आणि सरांना मिठीच मारली. मेहुणे! “भाऊजी, स्वतः घ्यायला आलात? आणि एवढी मुलं घेऊन?”

आणि तेवढ्यात वरचा भोंगा जरासा खरखरला.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. मिठागराकडे जाणारी गाडी फलाट दोनवर उभी आहे. ही गाडी जुन्या पुलावरून, पाणचक्कीवरून जाईल...”

सर जागच्या जागी थांबले. हा आवाज रोज त्यांना चहा घ्या म्हणायचा, छत्री न्या म्हणायचा. इथे तो मोठ्या छपराखाली पसरून, थोडा लांबून, पाण्यावरून यावा तसा येत होता. आणि गंमत बघा. सोमवारी सकाळी चहाच्या टेबलावर याच आवाजाने जे सांगितलं होतं, ते एकेक करून परत यायला लागलं. कान बिचारे तेव्हाही काम करत होते, धनीच घरी नव्हता. ‘अहो, रविवारपासून भोंग्यावर यंत्र लावणारेत. माझी टेबलावर बदली. इतकी वर्षं बोलतेय, पण कोणी वर मान करून बघत नाही, नुसते फलाटाकडे पळतात. शेवटच्या दिवशी एकदा येऊन बसा ना बाकावर. कोणीतरी एकदा नीट ऐकावं, एवढंच. मग याल ना? शनिवारी पाचला?’

सर समोरच्या बाकावर बसले. मुलं साहेबांना घेऊन शेजारच्या बाकांवर टेकली.

आणि सर ऐकायला लागले. हे सगळं बायकोला परत सांगायचंय, असं धरून ऐकायला लागले. मिठागराची गाडी गेली. मग बंदराची लागली, ती वाटेत चुनाभट्टीला थांबत होती. मग टेकडीपलीकडच्या खेड्यांची, एकेका खेड्याचं नाव घेताना आवाज जरा थांबायचा, जणू तिथे उतरणाऱ्याला सामान उचलायला वेळ देत होता. या गावांवरून सरांनी नकाशावर आयुष्यभर काठी फिरवली होती. पण त्या काळ्या ठिपक्यांत कोणी राहतं, कोणाला तिकडे आज घरी पोचायचंय, हे त्यांना त्या आवाजाने सांगितलं. बाहेर ऊन उतरत होतं, गाड्यांच्या मागे धूळ सोनेरी होऊन हवेत रेंगाळत होती, आणि ढगसर कुठेही न जाता, त्या बाकावर बसून, होते तिथेच होते.

बायकोने काचेतून पाहिलं. पाच वाजून गेले तेव्हा तिने आशा सोडली होती. आता पाहते तर बाकांवर मुलंच मुलं, भोंग्याकडे माना कलत्या करून ‘हं’ करतायत. मधे एक साहेब त्यांना बासरीचं काहीतरी सांगतायत. तिचा दादा बोचक्यांवर बसून डोळे पुसतोय. आणि या सगळ्यांच्या मधे तिचा नवरा! तोंड उघडं, नाक आक्रसलेलं, डोळे गच्च मिटलेले. तिला माहीत असलेला तो देखणा चेहरा कुठल्या कुठे गेला होता. तिला वाटलं, झोपले!

“दीपगृहाकडे जाणारी शेवटची गाडी फलाट तीनवरून निघत आहे,” भोंगा म्हणाला. क्षणभर खरखर झाली. मग, कुठल्याही नियमात न बसणारी एक उद्घोषणा झाली, “समोरच्या बाकावर झोपलेल्या भूगोलाच्या सरांनी कृपया जागं व्हावं.”

सर उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भर बसस्थानकात, काचेकडे बघत, ते मोठ्याने म्हणायला लागले, “मिठागर, फलाट दोन, जुन्या पुलावरून, पाणचक्कीवरून. बंदर, फलाट एक, चुनाभट्टीला थांबा...” सगळं. एकही गाव गाळलं नाही. फलाटाकडे पळणारे प्रवासी थांबून आधी सरांकडे आणि मग, सरांची नजर जिकडे होती तिकडे, काचेच्या खोलीकडे बघायला लागले. आत ती बाई पदर नाही की रुमाल नाही, नुसत्या हाताने डोळे पुसत होती.

“साहेब,” ती मुलगी म्हणाली, “तुमची गाडी गेली.”

साहेबांनी ऐकलं नव्हतं. मुलांनी मात्र मान कलती करून सहानुभूती दाखवली.

घरी जाताना अशी वरात निघाली, की पुढे सर आणि बायको, आणि मागे बोचकी घेतलेले मेहुणे आणि मुक्कामाला आलेले साहेब, एकमेकांना एकाच वेळी काहीतरी सांगत. दारात अडकलेलं कपाट पाहुण्यांना अजून दिसायचं होतं. सरांनी आधी सगळं कबूल करून टाकलं. सोमवारी आपण ऐकलं नव्हतं, कपाट का सरकवलं, दादाला का बोलावलं, सगळं.

“ठाऊक आहे मला,” बायको म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“तुम्ही नव्हतात ते. माणूस ऐकतोय की नाही, हे कळायला मला काय काचेतून बघावं लागतं? पण हो म्हणालात, तेच मला पुष्कळ झालं. म्हटलं, बघू, आवाज पोचतो का तिथवर.” चार पावलं पुढे जाऊन ती म्हणाली, “दीपगृह झालं का पुरं?”

सर रस्त्यातच थांबले. “तुला... तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. लग्न झालं त्या पहिल्या महिन्यात. धक्का नुकताच बांधला होतात तुम्ही, आणि एक दिवस टेकडीवर दीपगृह बांधणार होतात. कधी नाही ते सारखे बोलत होतात. मी ऐकलं होतं,” ती म्हणाली. “झाडं लावणार होतात ना वाटेने? लावलीत?”

मागून मेहुणे आणि साहेब दोघंही येऊन सरांवर आदळले. सरांना ते कळलंही नाही. इतकी वर्षं त्या बेटावर आपण एकटेच आहोत, असं समजून ते तिथे हिंडत होते. आणि ती बाई किनाऱ्यावर उभी राहून गाड्यांची नावं पुकारत होती.

“लावली,” ते म्हणाले. “मोठी झाली आता. तुला काय हवंय तिथे? सांग, बांधू आपण. आणि दीपगृहाच्या जिन्याला कठडा लाकडी लावू की लोखंडी, तेही सांग.”

तिने सांगितलं. सावकाश, खेड्यांची नावं घेताना थांबायची तशी मधे मधे थांबत सांगितलं. सरांचं तोंड उघडं पडलं होतं, नाक आक्रसलं होतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंना वाटलं, या गृहस्थांचा दात दुखतोय.

“काय म्हणाले मी?” बायकोने विचारलं.

“एक बाक,” सर म्हणाले. “समुद्राकडे तोंड करून, दोघांना पुरेल एवढा. दीपगृहाच्या कठड्याला लाकूडच लावा. आणि भोंगा अजिबात नको.”